सूपभर कापूस

॥ श्री ॥

अमरावती,
२ जुलै २०२५

चि. सौ. रागिणीस,
चंदूदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

घरच्या ग्रुपमधून तू बाहेर पडलीस, फोन उचलत नाहीस, आरतीने पाठवलेल्या लोणच्याच्या बरणीची पोच नाही. म्हणून हे पत्र. तेहतीस वर्षं तू पोरांचे पेपर तपासलेस. लिहिलेला कागद समोर आला की वाचल्याशिवाय फेकणं तुझ्या हातून होणार नाही, या भरवशावर लिहीत आहे.

बातमी अशी की माझ्या ‘ब्रह्मांडाचा गृहपाठ’ची पहिली आवृत्ती चार महिन्यांत संपली. नांदगाव पेठच्या सूतगिरणीतून निवृत्त झालेल्या सुपरवायझरचं पुस्तक कोण वाचणार म्हणून तुझे यजमान हसले होते. आता त्यांचाच नातू पुस्तकातल्या आळोबा देवाच्या विश्वात राहायला जायचं म्हणतो, कारण तिथे सातही वार रविवार. दहा ऑगस्टला इथल्या वाचनालयात माझा सत्कार आहे. प्रकाशक दुसरा भाग मागतात.

आणि तिथेच माझी गाडी अडली आहे. पातूरच्या ओसरीवर आपण तो खेळ खेळायचो ते तुला आठवतच असेल. आदिगुरुजींच्या वर्गात सात पोरसवदा देव, प्रत्येकाने कोजागिरीपर्यंत एक एक विश्व करून आणायचं. कोणी आकाश खाली आणि पाणी वर टांगलं, कोणी प्रत्येक ताऱ्याला घंटा बांधली आणि मग कोणालाच झोप येईना. सगळ्यांत मोठं विश्व भेगादेवीचं, पण बाईसाहेब मातीत कापूस घालायला विसरल्या आणि ऐन तपासणीच्या दिवशी ते तडकलं. पहिला भाग तिथे संपतो. पुढे त्या फुटक्या विश्वातले जीव कुठे गेले, हे तू तेव्हा काहीतरी सांगितलं होतंस. मला काही केल्या आठवत नाही. चार ओळी लिहून पाठव.

भेगादेवी पोरांची फार लाडकी आहे. एका शाळेत वाचन केलं तर एका मुलीला हसून हसून उचकी लागली.

आई, म्हणजे तुझी काकू, ठीक आहे. अठ्ठ्याऐंशी झाली, कान आणि जीभ दोन्ही शाबूत. राग असला तरी असू दे, लोभ त्याहून थोडा जास्त असावा.

तुझा,
चंदूदादा

---

॥ श्री ॥

अकोला,
८ जुलै २०२५

ती. चंदूदादास,
रागिणीचा नमस्कार. साष्टांग नाही, नुसता.

लोणचं पोचलं. चांगलं आहे. वहिनींना सांगावं, त्यांच्यावर माझा राग नाही.

तुझं पुस्तक मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा घाईत, दुसऱ्यांदा रागात, तिसऱ्यांदा लाल पेन घेऊन. ‘आपण खेळायचो’ असं तू लिहितोस. आपण? सातही देव माझे. आळोबा माझा, घंटांचे तारे माझे, उलटं आकाश माझं. तू तेव्हा तेरा वर्षांचा घोडा, ओसरीच्या खांबाला टेकून ऐकायचास आणि माझ्या वाटचे शेंगदाणे खायचास. पुस्तकात माझं नाव कुठे आहे म्हणून शोधलं. प्रकाशकाच्या कुत्र्याचे आभार सापडले. माझं नाव नाही.

तेही मी गिळलं असतं. पण भेगादेवी?

सत्तेचाळीस वर्षं आपल्या घरात पोळी करपली, दूध नासलं, शिवण उसवली की म्हणतात, ‘रागीचं जग फुटलं.’ माझ्या लग्नात म्हणाले, माझ्या पोराच्या बारशाला म्हणाले. निदान ते घरात होतं. तू त्याचं पुस्तक केलंस. आता अनोळखी पोरींना माझ्यावर हसून उचक्या लागतात आणि तू ते मला कौतुकाने कळवतोस.

काय झालं होतं ते पुन्हा सांगते, कारण तुला सोयीचं तेवढंच आठवतं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, भुलाबाईचा महिना. शाळेत मातीकामाची स्पर्धा होती. साऱ्या मुली भुलाबाई करणार होत्या. मी घागरीएवढं पोकळ जग केलं, त्याला सात खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत एक देव. आपली काळी माती वाळताना तडकते, तिच्यात कापूस कुटून घालावा लागतो, हे मला अकराव्या वर्षी पक्कं माहीत होतं. मी सरकी काढून, पिंजून, सूपभर कापूस ओट्यावर ठेवला. मला भुलाबाईच्या गाण्यांना घरोघर जायचं होतं, म्हणून तुला सांगितलं की तेवढा मातीत कुटून ठेव. परत आले तेव्हा सूप रिकामं होतं. तुला विचारलं, कुटलास? तू म्हणालास, कुटला.

आठ दिवसांनी नत्थुजी मास्तरांनी माझं जग उचललं आणि ते त्यांच्या हातात दुभंगलं. अख्खी शाळा हसली. तू हसला नाहीस. चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या दिवशी तुझा कापडी चेंडू चांगला गुबगुबीत दिसला, तो मी विसरले नाही.

नत्थुजी मास्तर मला पुढे नागपूरला चित्रकला शिकायला पाठवा म्हणून बाबांच्या मागे लागले होते. त्या दिवशी बाबा म्हणाले, पोरीच्या हातात माती टिकत नाही, मास्तर, राहू द्या. मी डी.एड. केलं, गणित शिकवलं, चांगलं शिकवलं. पण त्यानंतर मातीला हात लावला नाही. गणपतीसुद्धा विकतचा आणते. माझे हात चांगले होते, दादा. ते खराब आहेत असं सगळ्यांना वाटलं, आणि पुढे मलाही वाटायला लागलं. हे तू माझं नेलंस.

तेव्हा आता चार ओळी नाही, अख्खा आठवा अध्याय लिहून देते. अट एकच. तुझ्या सत्कारात तो तू स्वतः, मोठ्याने, एक अक्षर न बदलता वाचायचा. त्यात चंदेश्वर नावाचा देव उभा राहून कबूल करतो की कापूस त्याने ढापला. वाचून झाल्यावर चष्मा काढायचा आणि सांगायचं की हे खरं घडलं आहे.

नाही वाचलास तर मी तुझ्यासाठी एक विश्व कालच निर्माण करून ठेवलं आहे. त्यात एकच प्राणी, तू. तिथल्या प्रत्येक पायजम्याची नाडी आत गेलेली असते आणि प्रत्येक उंबऱ्यावर तुझीच करंगळी आपटते.

लोभ आहे की नाही ते दहा ऑगस्टला ठरेल.

रागिणी

---

॥ श्री ॥

अमरावती,
१४ जुलै २०२५

चि. सौ. रागिणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आरतीने वाचलं, मग मी वाचलं, मग दिवसभर जेवण गेलं नाही.

नावाचं तुझं म्हणणं शंभर टक्के खरं. ती माझी नालायकी. दुसऱ्या आवृत्तीत मुखपृष्ठावर तुझं नाव माझ्या आधी घालतो, प्रकाशकांशी आजच बोललो. सातही देव रागिणीचे असं सभेत सांगतो. हार तुझ्या गळ्यात घालतो. आळोबासारखं एखादं विश्व मला दे, त्यात मी मरेपर्यंत उभा राहून तुझी स्तुती करीन.

पण कापसाचं तेवढं सोड. तो चेंडू चिंध्यांचा होता, एवढंच सांगतो. बाकी मला काही बोलता येत नाही. सभेला आई येणार आहे, पहिल्या रांगेत बसेल. तिच्यासमोर ते प्रकरण नको. तिचं वय बघ. हे सोडून दुसरं काहीही माग, मी नाही म्हणणार नाही.

तुला ‘वेंधळी’ रंगवलं, ते चुकलंच. गोष्टीत जग फुटायला काहीतरी कारण हवं होतं आणि मला दुसरं कारण लिहिता येत नव्हतं. तुला हे पटणार नाही, माहीत आहे.

तुझ्या यजमानांच्या गुडघ्याचं काय? माझेही दोन्ही गेले. खाली बसलो की उठायला माणूस लागतो.

मोठ्या भावावर कृपा असावी, मागून घेतो.

तुझा,
चंदूदादा

---

॥ श्री ॥

अकोला,
१८ जुलै २०२५

ती. दादास,
नमस्कार.

काकूसमोर लाज वाटते, होय? मला अख्ख्या शाळेसमोर उभं केलंस तेव्हा माझीही आई तिथे होती. हळदीकुंकवाची साडी नेसून आली होती, बक्षीस घ्यायला. तिने ती साडी पुन्हा नेसलेली मी पाहिली नाही.

काकू पहिल्या रांगेत असणार, हे ऐकून तर माझा निश्चय पक्का झाला. चेंडू चिंध्यांचा होता म्हणतोस, तर मग कापूस गेला कुठे? याचं उत्तर तुझ्या पत्रात नाही. दोन पानं आशीर्वाद आहेत.

आणि मला गंमत वाटते. पुढे आयुष्यभर तू कापसातच नोकरी केलीस. गाठीच्या गाठी तुझ्या देखत आल्या-गेल्या, एक बोंड इकडचं तिकडे झालं नाही म्हणून गिरणीने तुला शाल दिली. आणि पहिला कापूस गेला तो बहिणीचा.

आठवा अध्याय सोबत आहे. अकरा पानं, पक्क्या शाईत. फुटक्या विश्वातले जीव कुठे गेले ते त्यात आहे. ते भेगांमधून निसटून बाकीच्या सहा विश्वांत शिरतात आणि दाराशी बसून एकच विचारतात, आमचं घर कोणी फोडलं? कोणी उत्तर देत नाही. आळोबा तेवढा सरकून जागा देतो, तोही आळसाने. शेवटी आदिगुरुजी वर्ग भरवतात आणि चंदेश्वराला उभं करतात. त्याचं भाषण पान नऊवर आहे. मी खूप मन लावून लिहिलं आहे. जिथे थांबायचं तिथे लाल शाईने रेघ मारली आहे, पोरांना मारून देते तशी.

तू वाचला नाहीस तर मी उभी राहून वाचीन. प्रत माझ्याजवळ आहे आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

वहिनींना नमस्कार, तुझ्या लेकीला, पौर्णिमाला, आशीर्वाद. तुला जे काही उरलं असेल ते.

रागिणी

---

॥ श्री ॥

अकोला,
११ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
नमस्कार.

कालच्या एसटीने रात्री पोचले. सकाळी चहा घेऊन पहिलं काम हे.

वाचलास. शब्द न शब्द वाचलास, माझ्या लाल रेघांवर थांबलासही. ‘मी कापूस कुटला नाही, आणि कुटला म्हणून सांगितलं’ हे वाक्य आलं तेव्हा पाणी प्यायलास, ते मी लिहिलेलं नव्हतं, पण चालेल. मग चष्मा काढून म्हणालास की हे खरं घडलं आहे, ती बहीण तिसऱ्या रांगेत बसली आहे, हे सातही देव तिचे आहेत आणि तिच्या हातात काहीही दोष नव्हता. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. दोनशे माणसं असतील.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोट भरून आनंद झाला. सत्तेचाळीस वर्षं शिजत ठेवलेलं एकदाचं ताटात पडलं. अध्यक्ष तुझ्याकडे चोराकडे पाहावं तसे पाहत होते आणि मी त्यांच्याच हातची कचोरी मागून घेतली. शेवटच्या रांगेतली एक बाई येऊन म्हणाली, माझ्याही भावाने असंच केलं होतं, तुम्ही बरं केलंत. तिने मला मिठी मारली.

एक गोष्ट मात्र खटकते, ती सांगते. निघताना काकूच्या पाया पडायला वाकले तर तिने पाय आत ओढून घेतले. तोंडावर पदर होता. ही तीच काकू, जी देवळातल्या पुजाऱ्यालाही बोलायला थांबत नाही. लेकाचा पाणउतारा कोणत्या आईला रुचेल, मला कळतं. पण तिने मला अंगाखांद्यावर वाढवलं आहे. तिला सांग, माझं भांडण तुझ्याशी होतं, तिच्याशी नाही.

ग्रुपमध्ये मला परत घ्यायला सांग पौर्णिमाला. आता यायला हरकत नाही.

लोभ परत सुरू करत आहे, हळूहळू.

रागिणी

---

अमरावती,
१६ ऑगस्ट २०२५

रागिणीआत्यास,
पौर्णिमाचा शि. सा. नमस्कार. आजी सांगते आहे, मी लिहिते आहे. एक शब्द सुधारायचा नाही अशी तिची ताकीद आहे. बाबांना हे पत्र माहीत नाही.

रागी, म्या पाय काहून ओढले ते आयक. तू ज्या पायावर डोकं ठेवून राहिली होती ते चोराचे पाय हायेत.

तुहा कापूस म्या घेतला व बाई. चंद्यानं नाही.

त्या साली चंद्याले मुदतीचा ताप आला होता, तुले आठवत असन. वाचला तं लाख वाती वाहीन असं मी देवाले बोलली होती. तुही आजी रोज संध्याकाळी टोपल्यात हात घालून पाहे. माह्ये बोटं सोलून निघाले होते. शेवटचा दिवस होता आन वाती कमी भरून राहिल्या होत्या. ओट्यावर सुपात पिंजलेला कापूस दिसला. मले वाटलं मीच वाळाले ठेवला. बसली न् वळून टाकला सारा.

चंद्या धावत आला. म्हणे, आई, तो रागीचा हाय, मातीत घालाचा हाय. तवा मले समजलं. आता आजीले समजलं असतं की नवसाच्या वाती पोरीच्या खेळाच्या कापसाच्या हायेत, तं तिनं सारं बाटलं म्हणून मले पुन्हा पयल्यापासून लाख वळाले लावलं असतं. मी त्या पोट्ट्याचे हात धरले. म्हटलं, कोनाले सांगू नोको, तुले माही शपथ हाय. पोट्टं मरता मरता वाचलेलं. त्यानं शपथ घेतली.

मले काय मालूम व, सूपभर कापसानं तुहं अख्खं जग फुटन? मले वाटलं मातीचं मडकं हाय, दुसरं करीन पोरगी. मंग तुह्या बापानं तुले नागपूरले जाऊ नाही देलं, तवा मले बोलाले पायजे होतं. नाही बोलली. लहान सून होती, भ्यायली. पुढं आजी गेली, तरी नाही बोलली. तवा लाज वाटे. आन मंग सवय झाली. सारे म्हनत रागीचं जग फुटलं, मी बी म्हने. हे मी तुले खरं सांगून राहिली.

त्या दिवशी सभेत चंद्या माह्याकडे पाहून पाणी पेला. मी पदर ओढला. मले तवाच उभं राहाले पायजे होतं. गुडघ्यानं नाही उठली असं नाही, जिवानंच नाही उठली.

माफी नाही मांगत. मांगाले तोंड नाही. चंद्यावर घेतलेला सूड वापस घे, तो चुकीच्या माणसावर पडला. घ्याचा तं माह्यावर घे. मी अठ्ठ्याऐंशीची हाओ, लवकर घे.

आशाबाई
(अंगठा नाही, सही आजीने स्वतः केली आहे. पौर्णिमा)

---

॥ श्री ॥

अकोला,
२२ ऑगस्ट २०२५

ती. काकूस,
रागिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. या वेळी पाय ओढायचे नाहीत.

हे पत्र दादालाही वाचून दाखवावं. आता लपवण्यासारखं घरात काही उरलं नाही.

पत्र आलं त्या दिवशी मी खूप रडले. प्रेमाने रडले असं कृपा करून समजू नकोस, रागानेच रडले. इतकी वर्षं मी तुझ्या हातची भाकरी खाल्ली, तुझ्या कुशीत झोपले, आणि तूही माझ्यावर हसत होतीस. दादाचं तर काय सांगू. दोनशे माणसांसमोर मी त्याला चोर ठरवला, वर कचोरी खाल्ली. ती आता घशाशी येते.

दादा, तू आईसाठी गप्प बसलास, तेरा वर्षांच्या पोराने दुसरं काय करायचं होतं? पण साठाव्या वर्षी पुस्तक लिहिताना तुला आईला वाचवायचं होतं म्हणून तू मला वेंधळी केलंस. शपथ तोंड बंद ठेवायची होती, माझं नाव बदनाम करायची नव्हती. तेवढं मी माफ केलेलं नाही. मुखपृष्ठावर माझं नाव आधी येईल हे तू कबूल केलं आहेस, ते तसंच राहील. भेगादेवीचं नाव मात्र बदलायचं नाही. ती माझी आहे, तिचं पुढे काय होतं ते मी ठरवीन. चोरीचा आळ तुझ्यावरून काढून घेतल्याचं वाचनालयाला कळवलं आहे. त्या अध्यक्षांना वेगळं पत्र लिहिलं आहे, दोन पानांचं.

काकू, तू सूड लवकर घे म्हणालीस, तर घेते. भुलाबाई बसायच्या दोन दिवस आधी मी अमरावतीला येते. पातूरच्या आपल्या वावरातली माती, तिथलं शेत बघणाऱ्या जीवनभाऊंना सांगून मागवली आहे, दोन पोती. तू ओसरीवर माझ्यासमोर बसायचं आणि सूपभर कापूस स्वतःच्या हाताने सरकी काढून पिंजायचा. बोटं दुखली तर दुखू देत. त्यातली एक वातसुद्धा वळायची नाही, मी नजर ठेवून असेन. दादाने तो मातीत कुटायचा. खाली बसून, खुर्चीवर नाही. उठवायला मी माणूस देणार नाही. कुटून झाला की मी माती फोडून आत कापूस आहे का बघणार, दोनदा बघणार, कारण या घरातल्या कोणाच्या शब्दावर माझा आता विश्वास नाही.

मग मी जग करीन, घागरीएवढं, सात खिडक्यांचं. हात चालतील की नाही माहीत नाही. परवा कणीक मळताना नुसताच एक गोळा हातात धरून उभी राहिले, ह्यांनी दोनदा विचारलं काय झालं म्हणून.

आठ दिवस सावलीत वाळवू. मी तिथेच राहीन, घरी सांगून ठेवलं आहे. नवव्या दिवशी तू ते उचलायचं, काकू, नत्थुजी मास्तरांनी उचललं तसं, दोन्ही हातांनी.

या वेळी तडा गेला तर तो माझा. मग तुम्ही दोघंही हसा.

लोभ असो, नसो, कापूस निवडून ठेवावा.

तुमची,
भेगादेवी